ओष्ठ्य

"सत्तेचाळीस," स्पीकरमधून आवाज आला आणि मी मोठ्यानं म्हणालो, "प्रेजंट म्याडम."

गारखेड्यातला डोळ्यांचा दवाखाना होता. हातात नंबराची चिठ्ठी होती. तिच्यावरचा आकडा विशाखानं मला आल्याआल्याच वाचून दाखवला होता, कारण जवळचं मला आता नीट दिसत नाही. तेव्हा काही वाटलं नाही. पण बाईच्या आवाजात, स्पीकरमधून, जरा फाटून तोच आकडा आला आणि माझं तोंड मला न विचारता बोलून गेलं. बाकांवरची माणसं हसली. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "काका, हजेरी नाही घेत मी. नंबर आलाय तुमचा, आत जा." शेजारी एक म्हातारी बसली होती, एका डोळ्यावर हिरवं फडकं. ती म्हणाली, "असू दे गं. भाऊला शाळा आठवली असंल." मी म्हणालो, "शाळा नाय मावशी, कॉलेज होतं." त्यावर लोक आणखी हसले आणि मीही हसलो. माझी मुलगी तेवढी हसली नाही. ती माझ्याकडं बघत होती, पण डोळ्यांकडं नाही, तोंडाकडं. मग तिनं पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि माझ्यापुढं धरली. मला तहान लागली नव्हती. ती असंच करते. रिक्षात, बँकेत, कोणाच्या लग्नात, कुठंही मधेच बाटली पुढं करते आणि मी घोट घेईपर्यंत हात मागं घेत नाही. मी घोट घेतला आणि आत गेलो.

आत एका मुलीनं मला उंच खुर्चीत बसवलं, नाकावर लोखंडी चौकट ठेवली, एका डोळ्यावर झाकण घातलं आणि समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला सांगितली. मी वाचली. "प. ग. म. ट. ब." तिनं काच बदलली. "आता बाबा?" "प. ग. म." ती म्हणाली, "पाठ झाल्यासारखं म्हणू नका, दिसतं तेवढंच सांगा." मी म्हणालो, दिसतंय. दिसत होतं ते खरं होतं, पण माझं लक्ष पाटीवर नव्हतं, माझ्याच तोंडावर होतं. ग म्हणताना ते उघडं राहत होतं, म म्हणताना मिटत होतं. हे मला लीलानं सांगितलं होतं. लीला माझी बायको. ती पुंडलिकनगरच्या आमच्या घरात ओट्याशी उभी राहून भाकरीचं पीठ मळत होती आणि मी दाराशी बसलो होतो. पिठाचा हात तसाच ओठांजवळ नेऊन ती म्हणाली, "बघा हां. प. मिटले का ओठ? फ. ब. भ. म. ह्यास्नी ओष्ठ्य म्हणत्यात. ओष्ठ म्हंजे ओठ. ओठ मिटल्याबिगर ह्यातलं एक बी अक्षर भाईर पडत नाय. करून बघा." मी करून बघितलं. ओठ उघडे ठेवून म म्हणायला गेलो तर नुसता रेड्यासारखा आवाज निघाला. ती एवढी हसली की पीठ तिच्या हनुवटीला लागलं. मग म्हणाली, "आता घरातली नावं घ्या. लीला. कुठं मिटले? कचरू, म्हंजे तुमी. नाय मिटले. इशाखा. नाय. आपलं समदं घरच उघड्या तोंडाचं." विशाखाला ती इशाखाच म्हणायची. चौकटीतून मी पाटीकडं बघत राहिलो. ती मुलगी म्हणाली, "बाबा, थकलात का?" मी म्हणालो, नाही, पुढची काच घाला.

लीला सातवी शिकलेली. तिला हे ओष्ठ्य कुठून कळलं ते सांगायला पाहिजे. सगळं बंद झालं त्या वर्षी विशाखा बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, मराठी घेऊन. कॉलेज बंद पडलं आणि तास फोनवर सुरू झाले. माझी कंपनीही बंद होती. मी प्रेस मशीनवर होतो, पत्रा दाबायच्या. विशाखाला आमच्या गल्लीच्या तोंडावरच्या मेडिकलमध्ये काम लागलं, कारण दुकान तेवढंच उघडं होतं आणि तिला औषधांची इंग्रजी नावं वाचता यायची. तास सकाळी अकराला, दुकानात गर्दी पण अकरालाच. पहिले काही दिवस तिनं एका कानात तार घालून दुकानात उभ्या उभ्या तास ऐकून बघितला. गिऱ्हाईक मागायचं एक, ती द्यायची दुसरं. मालक म्हणाला, ताई, एक तर कॉलेज कर नाही तर दुकान. हजेरीला मार्क होते. हजेरी नसली तर परीक्षेला बसू देतील की नाही, कोणालाच धड माहीत नव्हतं. दोन्हीतलं एकही सोडता येत नव्हतं. रात्री जेवताना लीला म्हणाली, "फोन घरी ठिवून जा. मी बसते."

"तुला काय कळणार त्यातलं, आई?"

"हजेरीत काय कळायचं असतं? नंबर आला की हो म्हणायचं."

"हो नाही म्हणायचं. प्रेझेंट मॅडम म्हणायचं."

"प्रेजंट म्याडम," लीला म्हणाली.

"आई, तुझा आवाज."

"बारीक काढते की." आणि तिनं पोरीसारखा आवाज काढून परत म्हणून दाखवलं. विशाखाला हसता हसता ठसका लागला.

आमच्या घरात रेंज येत नाही. गच्चीवर पाण्याच्या टाकीच्या सावलीला येते, तीही एका कोपऱ्यात. लीला तिथं पोतं टाकून बसायची आणि मिठाच्या बरणीला फोन टेकवून ठेवायची. कॅमेरा बंद असायचा, तरी धुतलेली साडी नेसायची, केस विंचरायची. मी म्हणायचो, "कोण बघतंय तुला?" ती म्हणायची, "शिकायला बसताना असं गबाळं बसू नाय." मलाही काम नव्हतं. मी तिच्यामागं बसून लसूण सोलायचो. शिकवणाऱ्या तनुजा मॅडम करमाडच्या पुढं त्यांच्या सासरच्या गावी अडकल्या होत्या. त्यांच्याही घरात रेंज नव्हती, त्या लिंबाच्या झाडाखाली खुर्ची टाकून शिकवायच्या. मधेच कोंबडी ओरडायची. मधेच आवाज जायचा आणि नुसतं त्यांचं तोंड हलताना दिसायचं, मग तेही थांबायचं. मग दहा जण एकदम म्हणायचे, "मॅडम, आवाज येत नाही." आणि मॅडमला ते ऐकू जायचं नाही. एक कृष्णा नावाचा मुलगा शेतातून तास करायचा. मॅडम म्हणायच्या, "कृष्णा, बाळा, ट्रॅक्टर तरी बंद कर." तो म्हणायचा, "मॅडम, बंद केला तर वडील मला बंद करतील." वर्गाच्या यादीत नावं पुष्कळ होती. पण मॅडम नंबर घ्यायच्या आणि एकामागं एक नंबर तसेच जायचे, कोणी बोलायचंच नाही. कोणाकडं फोन नव्हता, कोणाच्या फोनमध्ये नेट नव्हतं. मॅडम प्रत्येक नंबरानंतर थोडं थांबायच्या. त्या थांबायच्या ते मला आवडायचं. एक मुलगी पहिल्या महिन्यात बोलायची, मग बोलायची बंद झाली. लीला रोज म्हणायची, "बाराव्या नंबरची पोरगी आज बी नाय आली. काय झालं असंल हो?" जिचं तोंड कधी बघितलं नाही तिची तिला काळजी.

सत्तेचाळीस आला की लीला पाठ ताठ करायची, पोरीचा आवाज काढून प्रेजंट म्याडम म्हणायची आणि लगेच ओठ घट्ट मिटून घ्यायची. आवाज बंद करायचं बटण तिला कधी सापडलं नाही. त्यामुळं हसू आलं तरी बाहेर पडू द्यायचं नाही, म्हणून ओठ मिटून गाल फुगवून माझ्याकडं बघायची. एकदा खाली कुकरची शिट्टी झाली. मॅडम म्हणाल्या, "कोणाकडं कुकर लागलाय?" लीला बोलून गेली, "माझ्याकडं म्याडम, वरण हाय." स्वतःच्या आवाजात. मी लसूण खाली ठेवला. मॅडम म्हणाल्या, "विशाखा, तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर हं," आणि पुढं शिकवायला लागल्या. त्यांना कळलं होतं का, हे आम्ही दोघं किती दिवस बोलत होतो. मी म्हणायचो कळलं. ती म्हणायची, छ्या, माझा आवाज लई बारीक हाय.

नुसती हजेरी देऊन ती उठली असती तर चाललं असतं. ती उठली नाही. सगळा तास ऐकायची. संध्याकाळी विशाखा दुकानातून आली, अंघोळ करून जेवायला बसली की तिच्यापुढं बसून सांगायची. आपलं सगळं बोलणं आतून येणाऱ्या वाऱ्याचं असतं, तो वारा कुठं अडवायचा त्यावर अक्षर ठरतं. घशापाशी अडवला की क. दातापाशी अडवला की त. जीभ वर वळवून टाळूला लावली की ट, त्याला मूर्धन्य म्हणायचं. लीला म्हणायची मुर्दन्य. विशाखा म्हणायची, "आई, मुर्दा नाही त्यात." "असू दे, जीभ तर वळली ना?" विशाखा दमलेली असायची. कधी कधी घास हातात घेऊनच पेंगायची. लीला तिच्या गालावर बोट ठेवून म्हणायची, "इथंवर आलं का ध्यानात?" ती न बघता मान हलवायची. पण मी ऐकत होतो. मी प्रेसवर पंचवीसेक वर्षं काढली. तिथं मशीनच्या धडधडीत कोणाचं बोलणं ऐकू येत नाही, आम्ही एकमेकांचे ओठ बघून बोलायचो. चहा, जेवण, साहेब आला, पत्रा संपला, सगळं ओठांवरून. पण ओठ कुठल्या अक्षराला मिटतात हे मी कधी मोजलं नव्हतं. ते लीलानं सांगितल्यावर कळलं.

चष्म्याचा नंबर निघाल्यावर डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आत पडदा बघायचाय, औषध घालते, बुब्बुळं मोठी होतील, संध्याकाळपर्यंत जवळचं दिसणार नाही, उजेड टोचेल. औषध घालून मला परत बाकावर बसवलं आणि डोळे मिटून ठेवा म्हणाले. डोळे मिटले. शेजारी विशाखा होती, तिच्या मोबाइलवर बोट फिरवल्याचा आवाज येत होता. मी म्हणालो, "उद्याचा पेपर कितीला हाय?"

"दहाला."

"मग आज रजा टाकून मला हितं कशाला आणलंस? अभ्यासाला टाकायची."

"डोळे काही वाट बघतात का?"

"चार महिने बघितली की त्यांनी."

मोबाइलवर परत बोट फिरल्याचा आवाज आला. तिचा तो एकच पेपर राहिलाय, भाषाविज्ञानाचा. बाकीचे तिनं तेव्हाच फोनवर दिले होते, गच्चीवर बसून, लीला गेल्यावर महिन्याभरात, आणि पास झाली होती. हा पेपर तिनं उघडला नाही. मग परीक्षा परत कॉलेजात व्हायला लागल्या. दर वेळी ती बसायचं ठरवायची आणि दर वेळी त्या दिवशी तिचं पोट दुखायचं, नाही तर शेंद्र्याच्या कंपनीत, जिथं ती आता ऑफिसात आहे, नेमकं त्याच दिवशी काम निघायचं. आता तो अभ्यासक्रम बंद होतोय. जुन्या मुलांना ही शेवटची वेळ. उद्या ती गेली नाही तर तीन वर्षं गेली, तिची आणि लीलाची. एवढं मला माहीत होतं, तिलाही माहीत होतं. मागं एकदा मी तिला बोललो होतो तर म्हणाली, "पप्पा, तिथं मी नव्हतेच. हजेरी आईची, ऐकलं आईनं, समजलं आईला. त्या पुस्तकाचं पान उघडलं की मला अक्षरं दिसत नाहीत, तोंड दिसतं." मी विचारलं नाही कोणाचं तोंड. मलाही तेच दिसतं.

दुसरी लाट आली तेव्हा लीला सरकारी दवाखान्यात होती. आत कोणाला सोडत नव्हते. त्यात कोणाचा दोष नव्हता. आतल्या सिस्टरच दिवसातून एकदा त्यांच्या फोनवरून घरच्यांना दाखवायच्या. त्या दिवशी फोन आला तो अकराच्या सुमाराला. आम्ही दोघं गच्चीवर धावलो, टाकीच्या कोपऱ्यात, त्याच पोत्यावर. चित्र आलं. पांढरा पोशाख घातलेली सिस्टर, तिचं तोंड झाकलेलं, डोळ्यांवर काच. तिनं फोन लीलापुढं धरला आणि काही तरी मोठ्यानं म्हणाली, म्हणजे तसं तिच्या मानेवरून वाटलं, कारण आवाज येत नव्हता. मी ओरडलो, "आवाज येत नाय!" विशाखा ओरडली, "सिस्टर, आवाज येत नाही!" तिकडं काही गेलं नाही. सिस्टरनं लीलाच्या तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क जरा खाली केला. लीलानं फोनकडं बघितलं. आमच्याकडं नाही, फोनकडं. तिचे ओठ हलले. मिटले, उघडले. चित्र तुटत होतं, चौकोन चौकोन होत होतं. आणि मग सिस्टरनं मास्क परत वर केला आणि फोन बंद झाला. मी एवढी वर्षं ओठ वाचणारा माणूस, मला काहीच वाचता आलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी लीला गेली. आम्हाला तिला नीट बघताही आलं नाही.

त्यानंतर कितीदा मी ते ओठ आठवले. ओठ मिटले होते, एवढं पक्कं. म्हणजे आमचं नाव घेतलं नव्हतं, तिनंच सांगितलं होतं, आमच्या नावांना ओठ मिटत नाहीत. मला ती अहो म्हणायची, त्यालाही मिटत नाहीत. मग प, फ, ब, भ, म. मी कंपनीत मशीनवर हात चालवता चालवता एक एक शब्द लावून बघायचो. भाकर. बाळ. बस. माय, तिची आई कधीच वारली होती, पण शेवटी माणसं माय म्हणतात. फोन म्हणाली असेल, फोन जपा, पोरीचा तास आहे. घरी येऊन आरशासमोर उभा राहून म्हणून बघायचो. कुठलाच शब्द बसायचा नाही. विशाखाला कधी विचारलं नाही. तीही कधी बोलली नाही. दोन माणसांनी एकच चित्र बघितलं आणि चार वर्षं ते एकमेकांपासून झाकून ठेवलं.

लीला गेल्यावर घरात माणसं येऊ शकत नव्हती. गल्लीतून लोक हात जोडून जायचे. आठवडाभरानं विशाखा दुकानात परत गेली, मालकाला दुसरं माणूस मिळत नव्हतं. फोन ती विसरून गेली की मुद्दाम ठेवून गेली ते माहीत नाही. अकराला त्यात गाणं वाजलं, लीलानं लावून ठेवलेला गजर. मी तो बंद केला आणि फोन घेऊन वर गेलो. बरणी तिथंच होती, मिठाला पाणी सुटलं होतं. लीला कुठं दाबायची ते मी बघितलेलं होतं. मॅडम आल्या. नंबर सुरू झाले. मला काही ठरवायचं नव्हतं, मी नुसता बसलो होतो. पण सत्तेचाळीस आला, मॅडम नेहमीसारख्या थांबल्या आणि ते थांबणं मला सहन झालं नाही. मी म्हणालो, "प्रेजंट म्याडम." माझ्या आवाजात. बारीक आवाज काढायचं मला सुचलं नाही. कोणी हसलं नाही. लिंबाच्या झाडावर काही तरी किलबिलत होतं ते ऐकू येत होतं. मग मॅडम म्हणाल्या, "हो," आणि जरा वेळानं, "अठ्ठेचाळीस." त्यानंतर कॉलेजचे तास संपेपर्यंत मी रोज बसलो. शेवटच्या तासाला मॅडम म्हणाल्या, ज्यांनी ज्यांनी हजेरी दिली त्या सगळ्यांना माझा नमस्कार. मी फोनला जयभीम म्हणालो.

"काका, डोळे उघडा," दवाखान्यातली मुलगी म्हणाली. उघडले तर सगळं पांढरं. तपासणी झाली, पडदा चांगला आहे म्हणाल्या. विशाखानं माझ्या दंडाला धरून बाहेर आणलं. दुपारचं ऊन रस्त्यावरून उठून सरळ डोळ्यांत जात होतं. रिक्षात मी डोळ्यांवर रुमाल धरून बसलो. तिनं विचारलं, "पाणी?" मी म्हणालो, "आत्ताच पिलो की." तरी बाटली हाताला लागली. घोट घेतला.

घरी आल्यावर तिनं खिडक्या लावल्या. मी भिंतीला टेकून बसलो. समोर बाबासाहेबांचा फोटो आणि त्याच्या खाली लीलाचा, पण मला नुसत्या दोन चौकटी दिसत होत्या. विशाखा येऊन समोर बसली. तिचं तोंड मला दिसत नव्हतं, म्हणजे तोंड होतं, पण नाक डोळे एकमेकांत मिसळलेले. असंच दिसलं होतं फोनवर. मला वाटलं हिला सांगावं, उद्या जा. सांगितलं तर चिडेल. नाही सांगितलं तर उद्या पोट दुखेल. मी बोलायला तोंड उघडलं तेवढ्यात तीच म्हणाली,

"पप्पा, दवाखान्यात काय म्हणालात ते परत म्हणा."

"काय म्हणालो?"

"नंबर आल्यावर."

"चेष्टा करती काय बापाची? समदे हसले तेवढं बास नाय का?"

"नाही करत. म्हणा. पण आवाज काढू नका. नुसते ओठ."

मी म्हणालो. आवाज न काढता. ती पुढं सरकली, तिच्या श्वासाची ऊब माझ्या हनुवटीला लागली.

"परत," ती म्हणाली. "आईसारखं म्हणा. ती म्हणायची तसं शेवटपर्यंत."

मी परत म्हणालो आणि लीलासारखे शेवटी ओठ घट्ट मिटून घेतले. तसेच धरून ठेवले. मला तिचा चेहरा वाचता येत नव्हता. मग माझ्या गुडघ्यावर तिचा हात आला.

"मला पाणी वाटलं होतं," ती म्हणाली.

"काय?"

"त्या दिवशी. फोनवर. ती पाणी पाणी म्हणाली असं वाटलं मला. मी सिस्टरला ओरडून सांगत होते, पाणी द्या तिला, पाणी द्या. आवाज जात नव्हता. चार वर्षं झाली पप्पा, मला रोज वाटतं, ती पाणी मागून मागून गेली."

मला त्या बाटलीचं तेव्हा कळलं. रिक्षातली, बँकेतली, लग्नातली, सगळ्या बाटल्यांचं. ती बोलतच होती, भरभर, नाक ओढत. "पण पाणी म्हणलं की शेवटी तोंड उघडं राहतं. णी. बघा म्हणून. पाणी. उघडं राहतं ना? ओठ पहिल्यांदा मिटतात, शेवटी नाही. तिचे शेवटी मिटले होते. मिटून तसेच राहिले, सिस्टरनं मास्क लावला तोवर मिटलेले होते. मला ते दिसत होतं, पण मला वाटायचं तहानेनं मिटलेत." ती थांबली. "पहिलं प, मधी म, शेवटी म. पप्पा, ती हजेरी देत होती."

अकराची वेळ. समोर धरलेला फोन. कोणी बाई मोठ्यानं काही तरी पुकारतेय. तिला तापात खरंच तास वाटला, की आम्ही ओरडतोय हे बघून तिनं मुद्दाम चेष्टा केली, हे कधीच कळायचं नाही. मला वाटतं चेष्टा केली असावी. शेवटी ओठ मिटले होते ते हसू दाबायला. आवाज बंद करायचं बटण तिला माहीत नव्हतं ना. हे मी विशाखाला म्हणालो तर ती एकदम हसली, आणि मग ते हसणं फुटलं, आणि ती माझ्या खांद्याला डोकं लावून रडली. लीला गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती, तेव्हा ती आठवडाभरात दुकानात गेली होती. मी तिच्या डोक्यावर हात ठेवून बसलो. तिच्या केसांना दवाखान्यातल्या औषधाचा वास येत होता, का माझ्याच हाताला येत होता.

नंतर ती उठली, तोंड धुतलं, फळीवरून पुस्तक काढलं. धूळ झटकल्याचा आवाज आला. म्हणाली, "तुम्हाला दिसत नाही तर ऐका. मी वाचते." तिनं वाचायला सुरुवात केली, घशापासून, एक एक करत पुढं. टाळूपाशी आली तेव्हा मी म्हणालो, "मुर्दन्य." ती म्हणाली, "मुर्दन्य," आणि पुढं वाचत गेली. ओठांचं पान आलं तेव्हा ती जरा थांबली. मॅडम थांबायच्या तशी. मग वाचलं. मी जिना उतरणाऱ्या उन्हाकडं बघत होतो. संध्याकाळपर्यंत त्या उन्हाच्या कडा हळूहळू मला दिसायला लागल्या.

सकाळी मी तिच्याबरोबर गेलो. पोट दुखतं का, असं विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. कॉलेजच्या फाटकापाशी गर्दी होती, बहुतेक पोरं तिच्यापेक्षा लहान. ती म्हणाली, "मला सगळ्यांत थोरली म्हणून पुढं बसवतील." मी म्हणालो, "बसवा म्हणावं. तुझ्या आईला बसायला पोतं होतं." "जाते," ती म्हणाली आणि गेली. फाटकातल्या बाईनं तिचा नंबर विचारला, तिनं ओळखपत्र दाखवलं, काही तरी बोलली. मधे रस्ता होता, रिक्षा, टेम्पो, शाळेच्या बसचे हॉर्न. मला ऐकू आलं नाही. पण लांबचं मला चांगलं दिसतं, शेवटी तिचे ओठ मिटले. ती बाई हसली, तिला आत सोडलं.

ती दिसेनाशी झाल्यावर तिनं माझ्याकडं दिलेली पिशवी मी खांद्याला लावली तेव्हा ती जड लागली. पाण्याची बाटली तिच्यातच राहिली होती, भरलेली. ती न्यायला विसरली होती. फाटकाशी जाऊन हाक मारली असती तर अजून ऐकू गेली असती.

मी मारली नाही. फाटकासमोरच्या झाडाच्या सावलीला बसलो आणि बाटलीतलं पाणी पिलो. या वेळी मला खरंच तहान लागली होती.